शाळा सुटल्यानंतरचे इंटरनेट: सार्वजनिक निधी शाळेच्या कुंपणापाशी थांबावा का?

प्रश्न

नमस्कार. शालेय शिक्षणावरील सार्वजनिक खर्च हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. त्यातील एका मुद्द्यावर माझे मत अद्याप पक्के होत नाही, म्हणून तो येथे सविस्तर मांडते. शाळेच्या इमारतीत इंटरनेट पोहोचवण्यासाठी सरकारने पैसा खर्च करावा, याबद्दल आता फारसे दुमत उरलेले नाही. मतभेद सुरू होतात ते शेवटची घंटा झाल्यानंतरच्या तासांबद्दल. संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी किंवा घरी जातानाच्या बसमध्ये विद्यार्थ्याला लागणारे इंटरनेट हा शिक्षणाचा खर्च मानायचा की कुटुंबाचा खासगी खर्च, हा माझा मूळ प्रश्न आहे.

या वादाच्या दोन्ही बाजू अमेरिकेच्या ई-रेट योजनेच्या इतिहासात फार स्पष्टपणे दिसतात. १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून निघालेली ही योजना शाळांना आणि ग्रंथालयांना इंटरनेट सेवेवर २० ते ९० टक्के सवलत देते. परिसरातील विद्यार्थी जितके गरीब, तितकी सवलत जास्त, आणि ग्रामीण शाळांना त्यात आणखी झुकते माप मिळते. योजनेची वार्षिक मर्यादा सुरुवातीला २२५ कोटी डॉलर होती आणि २०१४ मध्ये ती १५० कोटींनी वाढवण्यात आली. कायद्याच्या मजकुरात मात्र ‘वर्गखोल्या’ असा शब्द आहे आणि पुढचा सगळा वाद त्या एका शब्दाभोवती फिरत राहिला. महामारीच्या काळात, २०२१ मध्ये, संसदेने स्वतंत्र कायद्याने सुमारे ७१७ कोटी डॉलरचा आपत्कालीन निधी दिला आणि त्यातून शाळांनी मुलांना घरी वापरण्यासाठी लॅपटॉप व हॉटस्पॉट (मोबाइल सिग्नलवरून वायफाय देणारी छोटी उपकरणे) दिले. तो निधी जून २०२४ मध्ये संपला. दरम्यान फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या तेथील दूरसंचार नियामक आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये शाळेच्या बसमधील वायफाय आणि जुलै २०२४ मध्ये घरी नेण्याचे हॉटस्पॉट ई-रेटच्या कक्षेत आणले. त्यानंतर आयोगाची रचना बदलली आणि ३० सप्टेंबर २०२५ रोजी त्याच आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी दोन्ही निर्णय मागे घेतले. कायदा वर्गखोल्यांसाठी आहे, बस किंवा घर म्हणजे वर्गखोली नव्हे, हा त्यामागचा मुख्य युक्तिवाद होता.

मला त्या देशाच्या कायद्याचा अर्थ लावायचा नाही. तत्त्व म्हणून पाहिले तर ही रेषा योग्य ठिकाणी ओढलेली आहे का, हे समजून घ्यायचे आहे. रेषा कुंपणापाशी ओढली नाही तर ती दुसरीकडे कोठे ओढावी? पैसा उपकरणावर, मासिक सेवेवर की कायमस्वरूपी जाळ्यावर खर्च करावा? आणि तो खर्च अभ्यासासाठीच झाला, हे मुलांवर पाळत न ठेवता कसे पडताळावे? अनुभवी सभासदांनी आपापल्या क्षेत्रातून लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १: माध्यमिक शिक्षिका

आपला प्रश्न मी शिक्षकाच्या बाजूने थोडा उलटा करून पाहते. शाळा सुटल्यानंतर मुलाला इंटरनेट लागते, असे आपण म्हणतो, तेव्हा ती गरज मुलाच्या घरातून निर्माण झाली आहे, असे सुचवतो. प्रत्यक्षात ती शाळेने निर्माण केलेली असते. गृहपाठ ऑनलाइन वर्गात टाकायचा, प्रकल्पाची माहिती संकेतस्थळावरून शोधायची, सरावचाचणी ठरावीक वेळेच्या आत सोडवायची, हे सगळे मी आणि माझे सहकारी ठरवतो. आम्ही जे सक्तीचे करतो त्याचे साधन ज्याच्या घरी नाही, त्याच्यापुरती ती सक्ती शिक्षाच ठरते. म्हणून माझी रेषा कुंपणापाशी नसून शाळेच्या अपेक्षेपाशी आहे. जेथपर्यंत शाळेची अपेक्षा पोहोचते, तेथपर्यंत सार्वजनिक जबाबदारीही पोहोचली पाहिजे. ती पोहोचवणे शक्य नसेल, तर अपेक्षा मागे घ्यावी.

हे मला फार उशिरा समजले, याचे वाईट वाटते. माझ्या वर्गातील एक मुलगी ऑनलाइन काम नेहमी दोन-तीन दिवस उशिरा देत असे. मी तिचे गुण कापत राहिले. आठवड्यातून दोनदा नातेवाइकाचा फोन मिळाला की त्यावर ती सगळे काम एकदम उरकते, हे मला सहामाही परीक्षेनंतर कळले. तिने आधी सांगितले नाही, कारण सांगण्यासारखी ही गोष्ट आहे, असे तिला वाटलेच नव्हते. घरात इंटरनेट नसणे ही घरची बाब, असे तिला आम्हीच शिकवले होते. मी तिचे गुण नंतर दुरुस्त केले. मात्र त्या सहामाहीत स्वतःबद्दल तिचे जे मत बनले, ते मला दुरुस्त करता आले नाही.

घरी इंटरनेट असलेल्या आणि नसलेल्या मुलांमधील या अंतराला अमेरिकेत ‘गृहपाठाची दरी’ असे नाव पडले आणि तेथील आयोगाच्या तेव्हाच्या सदस्य, पुढे अध्यक्ष झालेल्या जेसिका रोझेनवर्सेल यांनी तो शब्दप्रयोग सतत लावून धरला. ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील सालिनास शहरात दोन लहान मुली एका उपाहारगृहाच्या बाहेर, पदपथावर बसून, तेथील वायफायवर शाळेचा अभ्यास करत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि हा प्रश्न पुष्कळ लोकांना पहिल्यांदा दिसला. त्या छायाचित्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की मुलींकडे लॅपटॉप होते. उपकरण होते, शाळा होती, इच्छाही होती; नव्हती ती फक्त जोडणी.

मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी ग्रामीण मिशिगनमधील आठवी ते अकरावीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०२० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. घरी वेगवान इंटरनेट नसलेल्या मुलांचे गुण, डिजिटल कौशल्ये आणि पुढे महाविद्यालयात जाण्याची इच्छा, तिन्ही कमी आढळली. फक्त मोबाइल फोनवर अवलंबून असलेली मुलेही मागे पडलेली दिसली, आणि शिक्षक म्हणून मला हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. चार इंचांच्या पडद्यावर निबंध लिहून पाहिल्याशिवाय ‘फोन तर आहे ना’ या वाक्यातील चूक लक्षात येत नाही.

प्रतिसाद २: अर्थशास्त्राचा अभ्यासक

शिक्षिकांनी मांडलेले तत्त्व मला मान्य आहे. परंतु निधीचा निर्णय घेताना पुराव्याची दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने वाचावी लागेल, आणि ती बाजू आश्वासक नाही.

मिशिगनच्या अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. ज्या घरात वेगवान इंटरनेट नसते त्या घरात बहुधा इतर अनेक गोष्टीही नसतात. कारणापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करणारे अभ्यास वेगळे चित्र देतात. रोमानियात सरकारने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घरी संगणक घेण्यासाठी २०० युरोचे व्हाउचर दिले. पात्रतेच्या सीमारेषेच्या किंचित अलीकडची आणि पलीकडची कुटुंबे यांची तुलना करणारा मालामुद व पॉप-एलेकेस यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हाउचर मिळालेल्या मुलांचे संगणक-कौशल्य वाढले, पण शाळेतील गुण घटले. ज्या घरांत पालकांनी गृहपाठाबाबत नियम घातले होते तेथे ही घट कमी होती. पेरूच्या लिमा शहरात काही विद्यार्थ्यांना सोडत काढून घरी वापरायला लॅपटॉप आणि त्यातील काहींना इंटरनेटही देण्यात आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात इंटरनेट वापरण्याची क्षमता वाढली, परंतु गणित आणि वाचन यांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात पाचवी ते आठवीच्या मुलांच्या घरी संगणक आल्यानंतरच्या गुणांचा माग काढला असता, थोडी पण टिकून राहणारी घसरण दिसली.

यावरून घरी इंटरनेट देऊ नये, असा निष्कर्ष मी काढत नाही. जोडणी दिली की गुण वाढतील, असे आश्वासन देऊन निधी मागू नये, इतकेच माझे म्हणणे आहे. ते आश्वासन पाच वर्षांनी मोजले जाते, खोटे ठरते, आणि मग संपूर्ण योजनाच बदनाम होते. पेरूच्याच ग्रामीण शाळांतील आधीच्या लॅपटॉप-योजनेचे तसेच झाले. ३१९ शाळांच्या मूल्यमापनात १५ महिन्यांनंतर गणित व भाषेत परिणाम दिसला नाही, असे २०१२ मध्ये जाहीर झाले आणि चर्चा तेथेच थांबली. त्या शाळांपैकी बहुतेकींत इंटरनेट नव्हते आणि शिक्षकांना पुरेशी तयारी करून दिलेली नव्हती, हा तपशील मागे पडला.

अधिकाराच्या भाषेबद्दलही एक सांगतो. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाविद्यालयीन वसतिगृहातील संध्याकाळी ६ ते रात्री १० या वेळेतील मोबाइलबंदीच्या प्रकरणात, इंटरनेट वापरण्याचा अधिकार हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग असल्याचे म्हटले. शाळेबाहेरच्या तासांशी याचा थेट संबंध असल्याने चर्चेत हा दाखला पुष्कळदा दिला जातो. मात्र अडवले न जाण्याचा अधिकार आणि खर्च मिळण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी न्यायालयाचा निकाल पुरतो, दुसऱ्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद करावी लागते.

आणि तरतूद कोणाच्या खिशातून होते, तेही पाहावे. ई-रेटचा पैसा सर्वसाधारण करातून येत नाही. तो दूरसंचार कंपन्यांच्या आंतरराज्यीय व आंतरराष्ट्रीय उत्पन्नावरील वर्गणीतून येतो आणि कंपन्या ती वर्गणी ग्राहकांच्या बिलात लावतात. या वर्गणीचे प्रमाण २०२५ मध्ये ३५ टक्क्यांच्याही पुढे गेले. जून २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही पद्धत घटनात्मक ठरवली, पण घटनात्मक असणे म्हणजे न्याय्य असणे नव्हे. फोनचे बिल भरणाऱ्या गरीब घरावरही तो भार पडतो. एका गरीब घराच्या बिलातून दुसऱ्या गरीब घरातील हॉटस्पॉट चालवायचा असेल, तर त्यापेक्षा उत्पन्नानुसार बदलणाऱ्या करातून पैसा घेणे मला अधिक योग्य वाटते.

प्रतिसाद ३: नेटवर्क अभियंता

प्रश्नातील ‘उपकरण, सेवा की जाळे’ या भागावर मी सविस्तर लिहितो, कारण बहुतेक योजना तत्त्वावर नव्हे तर येथे फसतात.

हॉटस्पॉट हे लोकप्रिय साधन आहे, कारण ते आठवडाभरात वाटता येते. पण हॉटस्पॉट स्वतः इंटरनेट निर्माण करत नाही, तो जवळच्या मोबाइल टॉवरचा सिग्नल वायफायमध्ये बदलून देतो. ज्या घरात फोनला नीट सिग्नल मिळत नाही त्या घरात हॉटस्पॉटलाही तो मिळणार नाही, आणि सर्वाधिक गरज असलेली घरे पुष्कळदा नेमकी तशाच भागात असतात. मी एका वाटपात तांत्रिक साहाय्य केले होते. तेथे घरांच्या पत्त्यांवर सिग्नल न तपासता उपकरणे वाटली गेली आणि त्यांतील कित्येक पहिल्याच आठवड्यात कपाटात गेली. ती चूक वाटपाआधीच्या दोन दिवसांच्या पाहणीने टळली असती, आणि त्या पाहणीचा आग्रह मी तेव्हा पुरेसा धरला नाही.

दुसरा मुद्दा डेटाच्या हिशेबाचा आहे. साध्या प्रतीचा चलचित्र-पाठ सेकंदाला सुमारे १.५ मेगाबिट घेतो, असे धरू. तासाला ते ६७५ मेगाबाइट होतात. रोज दोन तास आणि महिन्यात २२ दिवस असा अभ्यास केला तर एका विद्यार्थ्याला महिन्याला जवळपास ३० गिगाबाइट लागतात, आणि घरात दोन भावंडे असतील तर ६०. महिन्याला ५ किंवा १० गिगाबाइटची सोय करून योजना आखणाऱ्याने एकतर हा गुणाकार केलेला नसतो किंवा चलचित्र-पाठ गृहीतच धरलेले नसतात. उलट तेच पाठ्यसाहित्य मजकूर आणि चित्रे या स्वरूपात दिले तर काही मेगाबाइटमध्ये काम भागते. कोलिब्री किंवा किविक्ससारख्या साधनांनी धडे आणि विकिपीडियासारखे संदर्भ शाळेत असतानाच उपकरणात उतरवून घेता येतात आणि घरी इंटरनेटशिवाय वाचता येतात. म्हणून निधी मागण्याआधी शाळेने आपले ऑनलाइन काम किती ‘जड’ आहे ते तपासावे. शिक्षिकांनी अपेक्षा मागे घेण्याचा पर्याय मांडला आहे. अपेक्षा हलकी करणे हा त्यांच्या दोन पर्यायांच्या मधला मार्ग आहे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शाळेपर्यंत सार्वजनिक पैशातून आलेली फायबर जोडणी शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जवळजवळ रिकामी पडून असते, तर घरगुती आणि मोबाइल जाळ्यांवर सर्वाधिक गर्दी नेमकी संध्याकाळीच असते. म्हणजे ज्या तासांत सार्वजनिक क्षमता मोकळी असते, त्याच तासांत मुलाला मिळणारी खासगी जोडणी सर्वांत मंद असते. ही क्षमता वापरण्याचा विचार नवा नाही. ई-रेटच्या नियमांत २०१० मध्येच बदल करून शाळेच्या वेळेबाहेर शाळेच्या आवारात येऊन समाजाने हे इंटरनेट वापरण्यास मुभा देण्यात आली. मार्च २०२० मध्ये, इमारती बंद असताना, ग्रंथालयांनी आणि शाळांनी आपले वायफाय बाहेरच्या लोकांसाठी चालू ठेवले तरी निधी अडणार नाही, असे स्पष्ट करण्यात आले. लोक वाहनतळात बसून काम करू लागले. ते चित्र सुखावणारे नव्हे, पण त्यासाठी नवीन जोडणीचा खर्च शून्य होता. अभ्यासिका संध्याकाळी उघडी ठेवून, देखरेखीला माणूस नेमून आणि परतीच्या वाहनाची सोय करून हाच पर्याय सन्मानाने राबवता येतो. खर्च तेव्हा इंटरनेटवर नव्हे तर माणसाच्या पगारावर आणि वाहनावर होतो, आणि बहुधा म्हणूनच इंटरनेटच्या योजनांत तो धरला जात नाही.

जेथे अंतर फार आहे तेथे बसचा विचार करावा लागतो. कॅलिफोर्नियातील कोचेला व्हॅलीच्या शाळांनी बसवर सौरऊर्जेवर चालणारे राउटर बसवले आणि काही बस रात्री विद्यार्थ्यांच्या वस्तीजवळ उभ्या ठेवल्या, म्हणजे दिवसा प्रवासात आणि रात्री वस्तीत तेच जाळे कामी आले. वर्षानुवर्षे पुरेल अशी सोय हवी असेल, तर स्थानिक फायबर जाळ्याचा मार्ग अधिक टिकाऊ आहे. टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे वीजवितरण करणाऱ्या सार्वजनिक संस्थेचे स्वतःचे फायबर जाळे आधीपासून होते. २०२० मध्ये त्या संस्थेने आणि शाळांनी मिळून, शाळेत सवलतीच्या जेवणास पात्र असलेल्या सुमारे २८ हजार विद्यार्थ्यांच्या घरांसाठी सेकंदाला १०० मेगाबिट वेगाची मोफत जोडणी दहा वर्षांसाठी जाहीर केली. यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पात्रतेसाठी नवा अर्ज न काढता शाळेकडे असलेलीच यादी वापरली, आणि मुदत एका वर्षाची न ठेवता मुलाच्या बहुतेक शालेय आयुष्याला पुरेल इतकी ठेवली.

प्रतिसाद ४: ग्रंथपाल

हॉटस्पॉट पुस्तकासारखे देण्याची पद्धत ग्रंथालयांनी महामारीच्या बरीच आधी सुरू केली. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने हा प्रयोग २०१४ च्या सुमारास हाती घेतला होता. आम्ही छोट्या प्रमाणावर तेच करतो, त्यातून थोडेसे सांगते.

उपकरण परत न येण्याची भीती योजना आखताना सर्वांत मोठी वाटते, प्रत्यक्षात ती हाताळता येते, कारण सेवा बंद केली की उपकरणाला फारशी किंमत राहत नाही. खरी अडचण वापर न होणाऱ्या उपकरणांची असते. पैसे दर महिन्याला जात राहतात आणि उपकरण बंद पडलेले असते. सेवा देणाऱ्या कंपनीला ते दिसत असते, पण सांगण्याचे तिला कारण नसते. म्हणून करारातच अशी अट हवी की ठरावीक दिवस वापर झाला नाही तर कंपनीने कळवावे आणि त्यानंतरही वापर नसेल तर बिल थांबावे. उपकरण ज्याच्याकडे आहे त्याच्याशी मात्र आधी बोलावे. आमच्याकडे एका मुलाने ते महिनाभर वापरले नव्हते, कारण चार्जरची पिन तुटली होती आणि दंड होईल या भीतीने तो सांगत नव्हता.

पडताळणी आणि पाळत यांतील फरकाबद्दल प्रश्नकर्तीने विचारले आहे. वापर झाला की नाही आणि किती डेटा गेला, एवढे दोन आकडे निधीच्या हिशेबाला पुरतात. मुलाने काय पाहिले, हे कोणाच्याही हिशेबासाठी लागत नाही. गाळणीचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेत २००० च्या बाल इंटरनेट संरक्षण कायद्यानुसार इंटरनेटसाठी ई-रेट सवलत घेणाऱ्या शाळांना व ग्रंथालयांना अश्लील आणि मुलांना घातक दृश्ये रोखणारी गाळणी लावावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ग्रंथालयांबाबत ती अट वैध ठरवली. उपकरण घरी गेले की गाळणीही सोबत जावी, हे मला योग्य वाटते. परंतु गाळणी म्हणजे नोंदवही नव्हे. रोखलेल्या पानांची यादी मुलाच्या नावासह साठवण्याची काहीही गरज नसते, आणि ती साठवली जात नाही हे पालकांना लेखी द्यावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः शिक्षिकांनी स्वतःचा अनुभव इतक्या मोकळेपणाने सांगितला, त्यामुळे माझ्या प्रश्नाची मांडणीच बदलली. मी रेषा जागेच्या आधारे शोधत होते. ती कामाच्या आधारे, म्हणजे शाळेने सक्तीचे केलेले काम जेथे पूर्ण करावे लागते तेथपर्यंत, ओढली पाहिजे, हे आता मला पटते. अभ्यासकांचा इशाराही मी स्वीकारते आणि माझ्या टिपणातून गुणवाढीचे आश्वासन काढून टाकते. मोजायचेच असेल तर किती विद्यार्थ्यांना सक्तीचे काम वेळेत सादर करता आले, हे मोजावे. योजना जे देते, त्याचेच ते माप आहे.

एका बाबतीत मात्र मी अभ्यासकांशी सहमत नाही. गुण वाढले नाहीत, हा सार्वजनिक खर्चाविरुद्धचा पुरावा मानला, तर शाळेतील पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह यांचाही खर्च त्याच कसोटीवर लावावा लागेल. काही गोष्टी शाळेत उपस्थित राहण्याच्या अटी असतात. शाळेचे काम ऑनलाइन गेले त्या दिवसापासून जोडणी ही तशीच अट झाली आहे. युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०२० च्या अहवालानुसार ३ ते १७ वयोगटातील सुमारे १३० कोटी मुलांच्या, म्हणजे दोन तृतीयांश मुलांच्या, घरी इंटरनेट नव्हते. त्या सर्वांसाठी ही अट सध्या न पुरवताच लागू आहे.

उरुग्वेचे उदाहरणही मला पुन्हा वाचावेसे वाटते. तेथे २००७ मध्ये सेइबाल योजना सुरू झाली, दोन वर्षांत सरकारी प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलापर्यंत लॅपटॉप पोहोचले, ते मुलाने घरी नेण्यासाठीच होते, आणि शाळांबरोबर सार्वजनिक चौकांतही वायफायची सोय झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुरुस्ती, शिक्षक-प्रशिक्षण आणि जोडणी सांभाळणारी कायम यंत्रणा उभी राहिली, त्यामुळे योजना एका सरकारबरोबर संपली नाही. आपत्कालीन निधीतून आलेले हॉटस्पॉट निधी संपताच बंद झाले, त्याच्याशी याची तुलना करता येईल.

माझ्या टिपणात आता एकच जागा रिकामी आहे. दीर्घ सुट्टीत सेवा चालू ठेवावी का? पैसे वाचवण्यासाठी ती दोन महिने थांबवावी, असा आग्रह हिशेब पाहणाऱ्यांकडून नक्की येईल.

प्रतिसाद ५: अर्थशास्त्राचा अभ्यासक

पाणी आणि स्वच्छतागृहाचा युक्तिवाद मी मान्य करतो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मात्र एक सुधारणा सुचवतो. उपस्थितीची अट म्हणून खर्च मागायचा असेल, तर ज्या शाळा घरी करण्याचे ऑनलाइन काम देतच नाहीत त्यांना हा निधी आपोआप मिळू नये. अन्यथा निधी मिळवण्यासाठी ऑनलाइन काम वाढवण्याची प्रवृत्ती तयार होईल.

सुट्टीच्या प्रश्नावर आकडेमोड सोपी आहे. बारा महिन्यांचा एकत्रित करार आणि दहा महिन्यांचा करार यांचे दर आधी मागवावेत. सेवा बंद करणे, पुन्हा सुरू करणे, उपकरणे गोळा करणे आणि पुन्हा वाटणे यांवर लागणारे कर्मचाऱ्यांचे तासही त्या तुलनेत मोजावेत.

प्रतिसाद ६: माध्यमिक शिक्षिका

सुट्टीत सेवा थांबवली तर सर्वांत आधी तुटतात ती पुन्हा परीक्षा देणारी मुले. ज्यांचे विषय राहिले आहेत, त्यांचा अभ्यास सुट्टीतच असतो आणि त्या काळात शाळाही बंद, शिक्षकही दूर असतात. वर्षभरात त्यांना जोडणीची खरी निकड असते ती नेमकी या दोन महिन्यांत. म्हणून सेवा बारा महिन्यांची धरावी आणि सुट्टी लागण्याच्या आठवड्यात प्रत्येक वर्गशिक्षकाने, ज्या मुलांना उपकरण लागणार नाही त्यांच्याकडून ते मागून घेऊन, ज्यांची परीक्षा बाकी आहे त्यांच्या हाती द्यावे. यादी वर्गशिक्षकाकडे आधीपासूनच असते.